पहिली पायरी



वाई हे घाटांचे गाव. कृष्णामाईच्या पाण्याला हात लावावयाचा तर लहानथोर प्रत्येकाला पायऱ्या उतराव्या लागतात. स्काउट चळवळीनेही आपल्या शिक्षणक्रमाला ‘सोपान’ हेच नाव दिले आहे. प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, असा हा चढता क्रम आहे. राष्ट्रपती पुरस्काराचे कौतुक सर्वत्र होते. पहिल्या पायरीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

बेडन पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीस मुलांचे शिबिर भरविले. १९०९ मध्ये ही चळवळ भारतात आली. परंतु प्रारंभी तिचे दार भारतीय मुलांना बंद होते. पं. मदनमोहन मालवीय, पं. हृदयनाथ कुंझरू, डॉ. अ‍ॅनी बेझंट आदींच्या प्रयत्नांनी भारतीय मुलांची पथके उभी राहिली आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही एकत्रित संस्था अस्तित्वात आली.

प्रवेशासाठी मुलाला वचन, नऊ नियम, तीन बोटांची खूण, डाव्या हाताचे हस्तांदोलन, प्रार्थना व झेंडागीत शिकावे लागते. त्याशिवाय घरी किमान एक महिना दररोज एक सत्कृत्य करून त्याची नोंद ठेवावी लागते. खरी कसोटी येथेच आहे. आजीला वेळेवर औषध देणे, आईला पाणी भरू लागणे, ही कामे पाहावयास कोणी परीक्षक येत नाही. एखादा दिवस चुकतो. अशा वेळी घरातील वडीलधारेच म्हणतात, “लिहून टाक काहीतरी!” स्काउट विश्वसनीय असतो, हा पहिलाच नियम तेथे मोडतो, आणि तो मोडणारा हात मुलाचा नसून पालकांचा असतो. व्यापाऱ्याच्या घरात हे अधिक सांगावयास नको. न झालेला व्यवहार रोजमेळात लिहिला, तर शिल्लक कधीच जुळत नाही. त्या दिवसाची ओळ कोरी सोडणारा मुलगा अधिक खरा स्काउट होय.

पुढे प्रथम सोपानात प्रथमोपचार व गाठी येतात. रीफ गाठ सपाट बसते, म्हणून ती मलमपट्टीस उपयोगी पडते. जाड व बारीक दोर जोडणारी शीट बेंड ही तर मागावर तुटलेला धागा सांधणारी विणकराचीच गाठ. गळ्यातील त्रिकोणी स्कार्फही प्रसंगी मोडलेल्या हाताची झोळी होतो. येथील कोणतीच वस्तू केवळ शोभेसाठी नाही.

स्काउटच्या वचनात ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘धर्म’ हा शब्द घेण्याची मुभा आहे. प्राणिमात्रांशी मैत्री, काटकसर आणि मन-वचन-कर्माची शुद्धता हेही नियमांत आहेत. जीवदया, अपरिग्रह आणि मन-वचन-कायेचा संयम ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, तेथील मुलांना हे नियम परके वाटण्याचे कारण नाही. मात्र सांगितलेले आणि आचरलेले यांतील अंतर तीस दिवसांची ती लहानशी वही बरोबर दाखविते.

परीक्षेतील सवलतीच्या गुणांसाठी वरच्या पुरस्कारांकडे धाव घेण्यापूर्वी प्रत्येक पालकाने आपल्या पाल्याची ती वही एकदा उघडून पाहावी आणि तिच्यातील कोऱ्या ओळीबद्दल त्याला रागावू नये, एवढीच विनंती. जय जिनेंद्र!