पाटीवरचा क्रमांक

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त एका माजी विद्यार्थ्याने दिलेले व्याख्यान)



या शाळेत मी पाटी-पेन्सिल घेऊन आलो. पुढे वन्यजीव गणनेच्या कामात रानोमाळ हिंडलो, तेव्हाही पाटी माझ्या हातातून सुटली नाही. ती कशी, हे सांगण्यासाठीच आज येथे उभा आहे. माझा विषय छोटा आहे: जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांच्या जागांची नोंद.

आपले जबलपूर एकेकाळी शिकाऱ्यांचा उंबरठा होते. येथे उतरून ते मंडला, बालाघाट, सिवनीच्या रानांत शिरत. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले कान्हा होते. ज्या पायवाटांवर पूर्वी मचाणे बांधली जात, तेथे आज झाडाला गुडघ्याइतक्या उंचीवर एक छोटी पेटी बांधलेली असते. समोरून उष्ण रक्ताचे जनावर गेले की ती आपोआप छायाचित्र घेते. अमेरिकेत हरणांचे शिकारीही अशाच पेट्या वापरतात. कोणती पेटी कोणत्या झाडाला बांधली हे ते विसरले, तर त्यांचा हंगाम वाया जातो. आपण विसरलो, तर वाघांची गणतीच बिघडते.

पूर्वी वाघ पावलांच्या ठशांवरून मोजत. त्या पद्धतीवरचा विश्वास २००५ मध्ये ढासळला. राजस्थानातील सरिस्का येथे कागदावर वाघ होते, रानात मात्र एकही उरला नव्हता. २००९ मध्ये आपल्या शेजारचे पन्नाही वाघांविना रिकामे झाल्याचे स्पष्ट झाले. कान्हा, बांधवगड आणि पेंच येथून वाघ नेऊन ते पुन्हा वसवावे लागले. खोट्या आकड्याची किंमत काय असते, ती अशी.

आज जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि प्रत्येकात वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेऱ्यांची जोडी लावतात. जोडी अशासाठी की वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे नसतात. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली आणि त्यांतली ७६,६५१ वाघांची होती. मध्य प्रदेशाचा आकडा तेव्हा ५२६ होता, तो २०२२ मध्ये ७८५ झाला.

एवढ्या ढिगाऱ्यातून हे छायाचित्र कुठले, हे कसे कळते? येथे पाटी कामी येते. कॅमेरा बांधून झाला की आम्ही त्याच्यासमोर पाटी धरून उभे राहतो. पाटीवर केंद्राचा क्रमांक, कॅमेऱ्याचा क्रमांक आणि तारीख असते. प्रत्येक कार्डावरचे पहिले छायाचित्र त्या पाटीचे. पुढे वहीत अक्षांश, रेखांश, वनकक्ष, वेळ आणि बांधणाऱ्याचे नाव. हे कंटाळवाणे वाटते. पण एका जोडीचे कार्ड दुसऱ्या जोडीत मिसळले, तर एका वाघाची डावी कूस दुसऱ्याच्या उजव्या कुशीला जोडली जाण्याचा धोका असतो.

अक्षांशाची चूक तर घरबसल्या करता येते. आपल्या गोरखपुरचे अक्षांश सुमारे २३ अंश ९ मिनिटे. साठ मिनिटांचा एक अंश, म्हणून दशांशात ते २३.१५ होतात. एखाद्याने घाईत २३.०९ असे लिहिले, तर आपली शाळा साडेसहा किलोमीटर दक्षिणेला सरकेल आणि ग्वारीघाटाच्याही पलीकडे, नर्मदेच्या पैलतीरावर जाऊन बसेल! मुले हसताहेत, हसावेच. परंतु रानात असे झाले तर कोणी हसत नाही. एकच वाघ कोणकोणत्या केंद्रांवर दिसला यावरून त्याचा वावर किती, हे काढतात. एक केंद्र चुकीच्या जागी नोंदले गेले तर तो वावर उगाच मोठा दिसतो, आणि वाघांची दाटी प्रत्यक्षाहून कमी भरते.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका हिवाळ्यात वहीत मी लिहिले होते, ‘नाल्याजवळ, मोठ्या ऐनावर’. यंत्रातील आकडा नोंदवायचा राहिला. महिन्याभराने परतलो, तेव्हा पानगळीने सारे रान पालटले होते आणि त्या नाल्याकाठी मोठे ऐन तर शेकड्यांनी होते. दोन दिवस आम्ही शोधत राहिलो. शेवटी सोबतच्या गोंड वनमजुराने ते झाड दाखवले. त्याच्या लक्षात ऐन नव्हता; ऐनाच्या अलीकडचे फुटके वारूळ आणि तेथून वाटेने घेतलेले वळण होते. त्या दिवसापासून आकड्याच्या खाली मी त्या मंडळींचे शब्दही लिहू लागलो. पेटीपासून दहा-वीस पावलांपर्यंत यंत्र आणून सोडते. पुढची पावले माणसाच्या ओळखीवर टाकावी लागतात.

आता या कामाची दुसरी बाजू. जी यादी नेमकी असायला हवी, तीच लपवूनही ठेवायला हवी. वाघ कोणत्या वाटेने, कोणत्या वेळी जातो, हे तिच्यात लिहिलेले असते. ती चोरट्या शिकाऱ्याच्या हाती पडली, तर आपणच त्याला वाट दाखवल्यासारखे होईल. म्हणून दुर्मीळ जनावराचे छायाचित्र कौतुकाने फिरवण्याआधी त्यावरची जागा पुसावी. आणखी एक: पहाटे मोहाची फुले वेचायला किंवा सरपणाला निघालेल्या बायाबापड्याही या पेटीत टिपल्या जातात. पेटी वाघासाठी लावली होती, त्यांच्यासाठी नव्हे. ती छायाचित्रे कोणाला दाखवण्याचा आपल्याला अधिकार नाही. नोंद ठेवणाऱ्याला तोंड बंद ठेवणेही शिकावे लागते.

शेवटी आपल्या घरच्या रानाकडे वळतो. स्मरणिकेसाठी शाळेची जुनी छायाचित्रे जमवली आहेत. परवा ती पाहताना एक हाती आले: पटांगणात रांगेने उभी मुले, मध्ये खुर्चीवर एक शिक्षक. मागची बाजू कोरी. साल नाही, इयत्ता नाही, एकाचेही नाव नाही. तेथे बसलेल्या आम्हा चार-पाच जणांनी आपापल्या परीने अंदाज केले. एकाचाही अंदाज दुसऱ्याशी जुळला नाही. साठ वर्षांत हे घडले. आणखी तीस वर्षांनी अंदाज करणारेही उरणार नाहीत.

माझी विनंती एवढीच. ज्येष्ठांनी आज येथून जाण्याआधी शिक्षकांच्या खोलीतील टेबलावर मांडलेली ती छायाचित्रे पाहावीत आणि ओळखीचा चेहरा दिसला की मागे पेन्सिलीने नाव लिहावे. खात्री नसेल तेथे प्रश्नचिन्ह करावे. तेही नोंदच असते. आणि मुलांनो, यंदाचा फोटो काढाल तेव्हा पहिल्या रांगेतल्या एकाच्या हातात पाटी द्या. तिच्यावर इयत्ता आणि साल लिहिलेले असू द्या.