चंद्राचे सत्तावीस दिवस



आपल्यापैकी पुष्कळजण खानदेशातून तापीकाठाने सुरतेला आले. त्याच खानदेशात, चाळीसगावजवळ पाटण येथे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील आकड्यांवरून चंद्राचा प्रदक्षिणाकाळ सुमारे २७.३२ दिवस येतो.

माझी अकरावीतली नात कक्षांच्या गणिताला घाबरून विज्ञान सोडायला निघाली होती. तिला म्हटले, काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. भूस्थिर उपग्रहाला एक दिवस लागतो, चंद्राला सुमारे सत्तावीस. सत्तावीसचे घनमूळ तीन, तिनाचा वर्ग नऊ. चंद्राचे अंतर ३,८४,००० किलोमीटर. भागिले नऊ, सुमारे ४२,७००. अंतर नववा हिस्सा, म्हणून तेवढ्याच वस्तुमानावर पृथ्वीची ओढ एक्याऐंशीपट.

“आजोबा, चुकलं! पुस्तकात ३६,००० आहे.”

चुकले नव्हते. पुस्तकातली उंची जमिनीपासूनची. सूत्रातले अंतर पृथ्वीच्या केंद्रापासूनचे. त्रिज्येचे ६,४०० तिनेच वजा केले आणि हसली. विज्ञान सुटले नाही.

दवाखान्यात मी रोग्याला आधी विचारतो, दुखणे सुरू कुठून झाले? गणितालाही आधी हेच विचारावे: मोजायचे कुठून?