ओफीर आणि सोपारे



आपल्या हिवरखेडच्या नावाचा अर्थ सांगावयास पंडित लागत नाही. हिवराचे झाड त्यात उघड दिसते. पवित्र शास्त्रातील ओफीरचे तसे नाही. शलमोन राजाच्या गलबतांनी तेथून 420 किक्कार सोने आणिले, असे राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात लिहिले आहे; पण ते ओफीर कोठे?

वसईजवळचे सोपारे, म्हणजे आजचे नालासोपारा, हेच ते, असे कित्येक विद्वानांनी मानिले. आम्हां मराठी ख्रिस्तीजनांस हे गोडही वाटते. मत अगदीच निराधार नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात हे नाव ‘सोफीर’ असे येते, आणि सोपाऱ्याचे प्राचीन नाव शूर्पारक. तेथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला; 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप खणला. बंदर जुने खरेच. परंतु अशोक शलमोनानंतर सुमारे सातशे वर्षांनी झाला, हे विसरून कसे चालेल?

शिवाय सोपाऱ्यास सोन्याची खाण नाही. सोने इतर ठिकाणाहून येऊन तेथे गलबतांत भरले जात असेल, असे कोणी म्हणेल, म्हणोत. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायातील वंशावळीत मात्र ओफीर हे नाव शबा व हवीला यांच्यामध्ये येते, आणि शबा तर अरबस्तानाच्या दक्षिणेस. वसईकर बांधवांचा रोष पत्करूनही आमचा कल तिकडेच आहे.