खाडीतलं गवत आणि आपली मुळी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावाचं बोलत नाही, समुद्रकाठच्या गवताचं बोलतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात प्लम आयलंडची खाडी आहे. भरतीला तिथलं गवत खाऱ्या पाण्यात उभं असतं. लिंडा डीगन आणि सहकाऱ्यांनी खाडीच्या काही फाट्यांत भरतीच्या पाण्याबरोबर नत्र सोडलं. दर हंगामात, ९ वर्षं. सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतातून खाड्यांत उतरतं, त्याच मापाचं.

गवत माजलं. युरिया टाकल्यावर पऱ्हाटी दिसते तसं हिरवंगार! पण आयतं मिळाल्यावर मुळी कशाला पसरेल? काठ धरून ठेवणाऱ्या मुळ्या घटल्या, जिवाणूंनी मातीतला सेंद्रिय भाग जास्त वेगानं कुजवला. काठ फाटून पाण्यात कोसळले. २०१२ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं.

कोरडवाहू रान म्हणजे खाडी नव्हे, मान्य. पण पावसानं ओढ दिली की पीक तगतं ते मुळीवरच. आम्ही कृषी पदवीधर मात्र वरची पानंच मोजत आलो.

यंदा पऱ्हाटी उपटताना जास्त युरियाच्या आणि कमी युरियाच्या तासातली मुळी शेजारी ठेवून बघा. पुढच्या बैठकीला घेऊन या.