साठ दिवसांची उधारी कोण सोसतं?

(बचत गटांच्या प्रतिनिधी व कार्यकर्त्या यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



‘बचत गट आणि मोठी दुकानं’ या विषयावर बोलशील का, असं मला विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. कारण जी हकिगत सांगायची आहे तिच्यात चूक माझी आहे. सोलापुरातल्या चौदा बायांच्या एका गटाला करारावर सही करायला मीच सांगितलं होतं.

या चौदाजणींपैकी बहुतेकजणी आधी विड्या वळायच्या. ते सोडून त्यांनी शेंगाची चटणी सुरू केली. सोलापूरची चटणी तुम्हाला माहीतच आहे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, लाल तिखट आणि मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. हात भरून येतात, पण ती चव मिक्सरच्या चटणीला नाही. आठवडी बाजार, बचत गटांची प्रदर्शनं, ओळखीची घरं यांवर गटाचं बरं चाललं होतं. पैसे थोडे, पण हातोहात मिळायचे.

मग एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदी विभागातून बोलावणं आलं. थंडगार ऑफिस. साहेब अगदी आदराने बोलले, चहा दिला, ‘ताई, तुम्ही आमच्या पुरवठा साखळीतल्या भागीदार आहात’ असं म्हणाले. समाजकार्याच्या अभ्यासात ‘बाजारपेठेशी जोडणी’ हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला होता की तो प्रत्यक्ष समोर चालून आल्यावर मला आनंदच झाला. दोनशे ग्रॅमच्या पाकिटाची छापील किंमत ७० रुपये, गटाला ४५. पैसे ६० दिवसांनी. न खपलेला माल परत. ‘मोठ्या ठिकाणी असंच असतं,’ असं मी बायांना सांगितलं. गटातल्या एका मावशींनी विचारलं, “साठ दिवस शेंगदाणेवाला थांबेल का?” त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी विषय बदलला.

पहिली ऑर्डर ६०० पाकिटांची होती. ती खपली, पैसेही आले. मग दिवाळीच्या तोंडावर एका गुरुवारी निरोप आला: सोमवारपर्यंत १८०० पाकिटं हवीत. म्हणजे चार दिवसांत ३६० किलो चटणी. भुसार बाजारात शेंगदाणे रोखीने घ्यावे लागतात. दोघींनी कानातलं गहाण ठेवलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उखळं चालू होती. पाकिटं भरायला घरातल्या मुली बसल्या, शनिवारी त्या शाळेत गेल्या नाहीत. सोमवारी माल वेळेवर पोचला.

महिन्याभराने त्यातली ६४० पाकिटं परत आली. सोबत डेबिट नोट. डेबिट नोट म्हणजे ‘तुमच्या बिलातून आम्ही एवढे कापले’ असं त्यांनीच लिहिलेलं पत्र. ८१,००० च्या बिलातून परत मालाचे २८,८०० गेले, शिवाय ‘स्कीम खर्च’ म्हणून ६,०००. ही स्कीम कसली, ते आम्हाला कुणी विचारलं नव्हतं की सांगितलंही नव्हतं. उरलेले ४६,२०० हातात पडायला ९७ दिवस लागले.

माल का परत आला, ते कळायला मला दुकानात जावं लागलं. आमच्या चटणीशेजारच्या फळीवर एका कंपनीच्या चटणीची ‘एकावर एक’ योजना होती. दिवाळीचे पंधरा दिवस ती चालली. ही योजना ठरली तेव्हा खरेदी विभागाला ती माहीत होती. त्याच विभागाने आम्हाला १८०० चा आकडा कळवला. त्यांनी एक फोन केला असता, तर आम्ही हजारच पाकिटं केली असती. कानातलं घरातच राहिलं असतं.

यानंतर मी वाचायला बसले. मागून आलेली अक्कल म्हणा. दुकानदार आणि पुरवठादार यांच्या सहकार्याची चर्चा करताना एक गोष्ट नेहमी सांगतात. १९८७ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या विक्री विभागाचे उपाध्यक्ष लू प्रिचेट नदीवर होडी वल्हवायला गेले. तोवर या दोन कंपन्या भावावरून एकमेकींशी भांडत असत. त्या सहलीनंतर बोलणी सुरू झाली आणि पुढे दुकानात काय खपतंय, किती शिल्लक आहे याची माहिती कारखान्याला थेट मिळू लागली. ऑर्डरची वाट न पाहता कारखाना माल पाठवू लागला. याची सुरुवात बाळांच्या डायपरपासून झाली.

ही डायपरची गोष्ट आपल्याला छान कळेल, कारण आपण बाळं वाढवली आहेत. बाळं रोज साधारण सारखीच ओली होतात. दिवाळीत जास्त आणि शिमग्याला कमी, असं काही नसतं. तरी दुकानांकडून घाऊक व्यापाऱ्यांकडे आणि तिथून कारखान्याकडे जाणाऱ्या ऑर्डरी मात्र कधी दुप्पट, कधी निम्म्या. प्रत्येकजण अंदाजाने आणि थोडं भीतीपोटी वाढवून मागतो. १९९७ साली तीन प्राध्यापकांनी यावर गाजलेला लेख लिहिला आणि या प्रकाराला चाबकाचं नाव रूढ झालं. मूठ जराशी हलते, टोक मात्र मोठ्याने सपकारतं. त्या टोकाला आमच्या चौदाजणी होत्या.

वॉलमार्टच्या होडीतले दोघंही तालेवार होते, हे आपण विसरायचं नाही. एकाने माहिती दाबली तर दुसरा माल अडवू शकत होता. आमच्या गटाची चटणी बंद झाली तर दुकानाची फळी एक तासही रिकामी राहणार नाही. मग सहकार्याच्या नावाखाली जो लहान आहे त्याने उधारी द्यायची, साठा सांभाळायचा, परतीचा माल सोसायचा, असं होतं. आणि लहान पुरवठादार बाई असेल तर ते सगळं घरात शिरतं. ६० दिवसांची उधारी म्हणजे हिशेबाच्या वहीत एक ओळ असते. घरात तिचं रूप रात्रीचं जागरण, मुलीची बुडलेली शाळा, नवऱ्याची ‘बघ तुझा धंदा’ अशी बोलणी असं असतं. या श्रमाचं बिल कुणी लावत नाही, आम्हीही लावलं नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनमध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने किराणा बाजाराची चौकशी केली. मोठी दुकानं आपली जोखीम आणि अचानक उपटलेले खर्च पुरवठादारांवर ढकलतात, असा निष्कर्ष २००८ साली निघाला. २०१० पासून तिथे मोठ्या दुकानांना बंधनकारक अशी आचारसंहिता लागू झाली. पण पुरवठादार तक्रार करायला धजत नव्हते, कारण नाव कळलं तर ऑर्डर जायची. म्हणून २०१३ साली कायदा करून एक स्वतंत्र पंच नेमला आणि तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायची तरतूद केली. २०१६ साली याच पंचांनी टेस्को या बलाढ्य दुकानसाखळीने पुरवठादारांचे पैसे उशिरा देऊन संहितेचा गंभीर भंग केल्याचं जाहीर केलं. तिथल्या कारखानदारांनाही भीती वाटते, हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आपल्याकडे किराणा पुरवठ्यासाठी अशी वेगळी संहिता नाही. पण सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २००६ चा विकास कायदा आहे आणि तो प्रत्येक गटाने समजून घ्यायला हवा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल स्वीकारल्यावर लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. म्हणजे मी ज्या ६० दिवसांवर सही करायला लावली, ती अट कायद्यापुढे टिकणारी नव्हती! मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी कळवायची असते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावं लागतं. वाद झाला तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. परिषदेचा निवाडा मान्य नसेल तर खरेदीदाराला न्यायालयात जाण्याआधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी, आणि ती माल देण्याच्या आधीची हवी. नंतर केलेल्या नोंदणीवरून न्यायालयांत बरेच वाद झाले आहेत. आमच्या गटाची नोंदणी सुदैवाने आधीची होती.

परतीच्या मालाचे २८,८०० मिळतील असं मी म्हणणार नाही, ती अट आम्ही मान्य केली होती. पण स्कीमचे ६,००० करारात कुठेही नव्हते आणि उशिराचं व्याज कायद्यात आहे.

गटाने दुकान सोडलेलं नाही. त्यावर खूप भांडणं झाली. दोघी त्या दिवाळीनंतर पुन्हा विड्यांकडे गेल्या. राहिलेल्यांनी सगळ्या शाखा सोडून दोनच ठेवल्या आहेत. दर शनिवारी त्यातली एकजण पिशवी घेऊन गिऱ्हाइकासारखी दुकानात जाते, फळीवरची पाकिटं मोजते, शेजारी कुठली योजना लागली आहे ते बघते आणि वहीत लिहिते. साहेबांचा आकडा आला की वही उघडतात. गेल्या वेळी त्यांनी ५०० मागितली, वहीप्रमाणे बायांनी ३०० दिली. साहेब चिडले, पण घेतली. पुढच्या तीन महिन्यांत कोणत्या योजना आहेत ते लेखी द्या, असं पत्रही दिलंय. उत्तर आलेलं नाही.

सुविधा परिषदेकडचा अर्ज मात्र अजून माझ्या पिशवीतच आहे. बाराजणींपैकी सातजणी म्हणतात करा. पाचजणी म्हणतात, या दोन शाखाही जातील. त्या पाचजणींना भित्र्या म्हणायची माझी हिंमत नाही, गहाण टाकलेलं कानातलं त्यांच्यातल्याच एकीचं आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. ज्या गटांची बिलं ४५ दिवसांपेक्षा जास्त अडकली आहेत, त्यांनी चहाच्या वेळेला दुकानाचं नाव, बिलाची तारीख आणि चलनाची झेरॉक्स माझ्याकडे द्या. अर्ज ज्याचा त्याचाच असेल. पण एकाच दुकानाकडे चार-पाच गटांची बाकी निघाली, तर सगळे अर्ज एकाच दिवशी देऊ. आमच्या त्या पाचजणींनी एवढीच अट घातली आहे.