अंगठा आणि कंट्रोल

(जालना शहरात झालेल्या युवक शिबिरातील भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला विषय दिलाय, 'राजकारण, तंत्रज्ञान आणि साहित्यातील नियंत्रणाची संकल्पना'. ऐकूनच घाम फुटला. 'संकल्पना' म्हटलं की कुणीतरी प्राध्यापक घसा साफ करतो आणि मागच्या रांगेतली पोरं मोबाईल काढतात. मी प्राध्यापक नाही. म्हणून संकल्पनेचं राहू द्या, मी नुसत्या शब्दाच्या मागं लागतो.

'नियंत्रण' हा शब्द माझ्या मायला माहीत नाही. तिला 'कंट्रोल' माहीत आहे. कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. सरकारी पाटीवर 'रास्त भाव दुकान' लिहिलेलं असतं, पण आमच्या वस्तीत बाया एकमेकींना विचारतात, 'कंट्रोल आलं का गं?' दुसऱ्या महायुद्धात इंग्रजानं धान्यावर नियंत्रण आणलं, १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं. इंग्रज गेला. शब्द मात्र खेड्यापाड्यात मुक्काम ठोकून बसला. १९७२ च्या दुष्काळात ह्याच कंट्रोलवर अमेरिकेचा लाल मिलो आला. आमच्या म्हाताऱ्या अजून त्याची चव सांगतात आणि तोंड वाकडं करतात. लोकांनी नाव बरोबर ठेवलंय. ज्याच्या हातात दाणा त्याच्या हातात माणूस. हे समजायला फ्रेंच तत्त्वज्ञ वाचावा लागत नाही, रांगेत उभं राहावं लागतं.

आता रांगेतलीच गोष्ट सांगतो.

आमच्या कंट्रोलवर मशीन आलं. आधी अंगठा लावायचा, मग धान्य. माय गेली, अंगठा लावला. मशीननं लाल दिवा दाखवला. पुसून लावला. पुन्हा लाल. दुकानदार म्हणाला, 'मावशे, अंगठा येईना तुझा. उद्या ये.' माय म्हणाली, 'उद्या काय नवा अंगठा फुटणारे का मला?' रांग हसली. मीही हसलो. मग ती रिकामी पिशवी घेऊन घरी आली आणि माझं हसू घशात अडकलं. त्या महिन्यात तीन खेपा झाल्या. तीन दिवसांचा रोज बुडाला.

अंगठा का येत नाही? ते सांगायला मला दुसऱ्या कंट्रोलकडं जावं लागतं. आपल्या जालन्याच्या अभिमानाकडं. बियाण्याकडं.

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्यातही महिको होतीच. आज जालना म्हटलं की लोक दोन गोष्टी सांगतात, स्टील आणि बियाणं. ठीक आहे. पण संकरित कापसाचं बी कसं तयार होतं, हे किती जणांना माहीत आहे?

ते बी कारखान्यात होत नाही. शेतात, हातानं होतं. दुपारी मादी वाणाच्या झाडावरची उद्या उमलणारी कळी हेरायची. अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि त्यासोबत पुंकेसराची नळी सोलून काढायची, आतल्या बीजांडकोशाला धक्का न लावता. खूण करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचं फूल आणून त्यावर पराग घासायचा. एका कळीला दोनदा हात. दिवसात शेकडो कळ्या. हे काम करतात बाया आणि पोरी. माझ्या मायनं कित्येक हंगाम केलं. बाकीचे महिने वेचणी, खुरपणी, वीटभट्टी. म्हणजे शास्त्रज्ञाच्या डोक्यातलं वाण पाकिटात यायचं ते तिच्या अंगठ्यातून. त्या अंगठ्यावरच्या रेघा तिथंच झिजल्या.

आणि पाकीट तयार झालं की काय? संकरित बियाण्याचा गुण एका पिढीपुरता. दुसऱ्या वर्षी तेच बी पेरलं तर झाडं सारखी येत नाहीत, उतारा घटतो. म्हणून दरसाल दुकानात जा. आजीच्या मडक्यात राखेत ठेवलेलं बी ही मालकी होती. ती पाकिटात गेली. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिनबीटी बी मिळायचं. ते बांधाकडेनं लावायचं, म्हणजे बोंडअळीला विषाची सवय होत नाही. हे शास्त्र शेतकऱ्याला कुणी बसून समजावलं? बहुतेकांनी ते लावलंच नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्राचा कापूस खाल्ला. ज्ञान पाकिटात बंद, धोका रानात मोकळा. याला मी तंत्रज्ञानातलं नियंत्रण म्हणतो.

माझी माय ह्या साखळीच्या दोन्ही टोकांना आहे. एका टोकाला तिच्या अंगठ्यावाचून बियाणं होत नाही. दुसऱ्या टोकाला त्याच अंगठ्यामुळं तिला धान्य मिळत नाही. व्यवस्थेनं आधी अंगठा झिजवला. मग म्हणते, हा अंगठा तुझा कशावरून?

कुणी म्हणेल, मशीनला जात नसते. खरं आहे. मशीनला जात नसते, पण मशीनला कोणते हात माहीत आहेत? खुर्चीत बसणाऱ्याचा अंगठा पहिल्या झटक्यात येतो. माती, सिमेंट, वीट, ऊस यांत काम करणाऱ्याचा अडतो. आणि ह्या कामात कोणत्या जाती आहेत हे मी जालन्यात सांगायची गरज नाही.

१९४८ साली नॉर्बर्ट वीनर नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं 'सायबरनेटिक्स' नावाचं पुस्तक लिहिलं. आजच्या संगणकयुगाचं एक मूळ तिथं आहे. नाव त्यानं ग्रीक शब्दावरून घेतलं. त्या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. त्याचं म्हणणं सोपं करून सांगतो. सुकाणू नुसता फिरवून नाव ताब्यात येत नाही. फिरवला, नाव किती वळली ते पाहिलं, मग पुन्हा फिरवला. म्हणजे हुकूम एकीकडून जातो आणि खबर उलटी येते. उलटी खबर आली नाही तर ते नियंत्रणच नव्हे, ती नुसती दांडगाई.

आता आमच्या कंट्रोलला हे लावून बघा. मशीनमध्ये 'अंगठा जुळला नाही' एवढं उमटतं. माय रिकामी गेली, रोज बुडाला, संध्याकाळी शेजारणीकडून पीठ उसनं आणलं, हे कुठं उमटतं? वरून हुकूम येतो. खालून खबर जात नाही. २०१७ च्या सप्टेंबरात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची मुलगी मेली. आधारशी जोडलं नाही म्हणून रेशनकार्ड रद्द झालं आणि पोर भुकेनं गेली, असं घरच्यांनी सांगितलं. सरकारनं आजाराचं कारण दिलं. पुढच्याच महिन्यात केंद्रानं राज्यांना कळवलं की आधार नाही किंवा अंगठा जुळला नाही म्हणून कुणाचं धान्य नाकारू नका. एवढी साधी खबर दिल्लीला पोचायला एक पोर मरावं लागलं.

राजकारणात वेगळं काय चाललंय?

१९३२ च्या ऑगस्टमध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ जाहीर झाला. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळातल्या जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण निवडून देणारे सगळे झाले. जागा वाढल्या, सुकाणू गेला. आपल्या जिल्ह्यात बदनापूर मतदारसंघ राखीव आहे. मी कुणा एका आमदाराबद्दल बोलत नाही. कुणीही निवडून आला तरी त्याची अडचण तीच. तिकीट पक्ष देणार, बहुसंख्य मतं इतरांची. मग त्याच्याकडं उलटी खबर कुणाची पोचणार? ज्यानं त्याला बसवलं त्याची. वस्तीची खबर जयंतीच्या दिवशी ऐकून घेतात. हा माणसाचा दोष म्हणून सोडून देऊ नका. यंत्राची रचनाच तशी आहे.

आणि नियंत्रण फक्त मुंबई-दिल्लीत असतं असंही समजू नका. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. मग काय झालं? मराठवाड्यात आपली घरं जळली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. ठराव मंत्रालयात पडून राहिला. १४ जानेवारी १९९४ उजाडला तेव्हा नामांतर नाही, नामविस्तार झाला. विधिमंडळाचा एकमुखी ठराव गावानं सोळा वर्षं अडवून धरला. गावगाड्याचं नियंत्रण म्हणजे काय ते हे. त्याला ना मशीन लागतं ना कायदा. एक काडी पुरते.

आता तर कळ दाबली की जिल्हा मुका होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनात जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर इथं इंटरनेट बंद केलं. कारण काही का असेना, कळ आपल्या हातात नाही हे त्या दिवशी कळलं.

आता साहित्य. इथं जरा आपल्यालाच टोचणार आहे, तयार राहा.

प्रस्थापित संपादकांनी दार लावलं म्हणून आपली अनियतकालिकं निघाली. १९६९ साली 'सत्यकथा'चे अंक जाळले गेले ते काही आगपेटी जास्त झाली म्हणून नाही. माझी एक कविता एका संपादकानं परत पाठवली. वर लिहिलं, 'आशय प्रखर, भाषा थोडी स्वच्छ करावी.' स्वच्छ करावी! आमच्या बापजाद्यांनी ह्यांचं गाव स्वच्छ केलं, आता भाषाही आम्हीच स्वच्छ करायची. एप्रिल २०२५ मध्ये 'फुले' चित्रपट आला. ११ तारखेला, जोतीरावांच्या जयंतीला यायचा तो २५ ला आला. त्याआधी सेन्सॉर बोर्डानं महार, मांग, पेशवाई असे शब्द काढायला सांगितले. जात काढायची नाही, जातीचा शब्द काढायचा. रोगाला हात नाही, रोगाच्या नावावर बंदी.

कुणी म्हणतं, आता मोबाईल आहे, संपादकाची काय गरज? लिहा आणि टाका. टाकलंस, पण पोचवणार कोण? कोणाच्या डोळ्यांपुढं काय यावं हे कंपनीचं गणित ठरवतं, आणि ते गणित तुला दिसत नाही. जुना संपादक निदान चिठ्ठीवर सही तरी करायचा.

पण आपण? बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं. ते पुस्तक म्हणून १९८६ साली आलं. चळवळीतल्या बायांचा इतिहास ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून गोळा केला, तो १९८९ साली आला, 'आम्हीही इतिहास घडवला'. त्या आधी तो आपल्या कुणाला दिसला नव्हता? मग आपल्या घरातलं कंट्रोल कुणाकडं होतं? ह्या शिबिरात चहा कुणी केला आणि भाषण कोण करतंय, हेही एकदा मोजा. मीही त्यात आलो.

मग करायचं काय? सगळं नियंत्रण उलथून टाकायचं? असं बोलायला छान वाटतं, टाळ्याही पडतात. पण कंट्रोलचं दुकान उद्या बंद झालं तर कोण मरेल? व्यापारी नाही मरणार, माझी माय मरेल. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिलं. शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करा, आणि ते घटनेतच घाला, अशी त्यांची मागणी होती. राज्याचं नियंत्रण गेलं म्हणजे गरीब स्वतंत्र झाला असं नाही, ती जागा खाजगी मालक घेतो, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणजे त्यांना कंट्रोल पाहिजे होतं, पण बलवानावर. २०१५ साली केंद्रानं कापूस बियाण्याच्या दराचा नियंत्रण आदेश काढला, तेव्हा लगाम कंपनीला लागला. आधार मात्र मायच्या अंगठ्याला लागतं. दोन्हीला नाव एकच, नियंत्रण. दिशा बघायला शिका. वरच्याला धरतं की खालच्याला, आणि उलटी खबर कोण ऐकतं, हे दोन प्रश्न विचारा.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदयाला घरामागं पस्तीस किलो धान्य महिन्याला आहे. हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच कायद्यात दुकानाचं दप्तर लोकांसाठी खुलं ठेवायचं, सामाजिक अंकेक्षण करायचं, दक्षता समित्या नेमायच्या, जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी द्यायचा, हेही लिहिलंय. उलट्या खबरेची वाट कागदावर आहे. त्या वाटेनं कुणी चालत नाही म्हणून तिच्यावर गवत उगवलंय.

म्हणून माझी सूचना अगदी किरकोळ आहे. पुढच्या वाटपाच्या दिवशी प्रत्येक वस्तीत दोन जण, एक पोरगा आणि एक पोरगी, कंट्रोलच्या दारात वही घेऊन बसा. घोषणा नको, भांडण नको. कोण आलं, कितींदा अंगठा लावला, किती किलो मिळालं, कोण रिकामं गेलं, त्या दिवशी कुणाचा किती रोज बुडाला, एवढं लिहा. जे रिकामे गेले त्यांचा अर्ज तिथंच करा, पोच घ्या. नाव छापायचं की नाही हे त्या बाईला विचारा. मग ती वही आपण ह्याच अंकात छापू, कवितेच्या आधी. एक प्रत तहसीलला, एक जिल्हा पुरवठा कार्यालयाला.

मायला मी हे सांगितलं. ती म्हणाली, 'लिव्ह बाबा. पण आधी माझं धान्य आण.'

अर्ज केलाय. पोच खिशात आहे. सोमवारी मी पुन्हा जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी नावं द्या.

जयभीम.