रस्त्यावरची मोटार आणि पाहणारा डोळा



आपल्या बसस्टँडसमोर संध्याकाळी चार-पाच पोरे उभी असतात. साक्रीकडून, सटाण्याकडून येणाऱ्या मोटारींवर त्यांची नजर असते. गुजरात पासिंगची एखादी जुनी होंडा सिटी वळणावर दिसायच्या आतच त्यांतला एखादा म्हणतो, "व्हीटेक आली रे!" आणि खरोखरच तीच येते. वडीलधारी माणसे म्हणतात, पोरे रिकामटेकडी आहेत. मीही तसेच म्हणत असे. आज मला त्या पोरांची बाजू मांडावयाची आहे.

जपानातील कोम्यो नावाच्या खेड्यात 1906 साली एका लोहाराच्या घरी मुलगा जन्मला. गावात पहिली मोटार आली तेव्हा तो तिच्यामागे धावला आणि जमिनीवर सांडलेल्या तेलाचा वास घेत राहिला. ही आठवण पुढे तो स्वतःच सांगत असे. त्याचे नाव सोइचिरो होंडा. महायुद्धानंतर, 1946 मध्ये, लष्कराकडची उरलेली लहान इंजिने सायकलींना जोडून त्याने धंदा मांडला. 1948 मध्ये कंपनी काढली. धुळीत वाकलेल्या त्या पोरालाही कोणी रिकामटेकडा म्हटले नसेल काय?

आता ह्या व्हीटेकमध्ये एवढे काय आहे? आपल्या पांझरेच्या फडांचे पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते चटकन कळेल. पाटकरी रोपाला पाणी देताना बारे थोडे उघडतो, उसाला देताना भरपूर. इंजिनातही हवा-पेट्रोल आत सोडणारी झडप असते. ती किती उघडावी हे एका फिरत्या दांड्यावरचे उंचवटे ठरवितात. साध्या इंजिनात झडपेला एकच माप. सावकाश चालीला जे मानवते ते वेगाला पुरत नाही. होंडाच्या तंत्रज्ञांनी लहान आणि मोठे असे दोन्ही उंचवटे ठेवले. इंजिनाचे फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक खीळ सरकते आणि झडप मोठ्या उंचवट्याच्या ताब्यात जाते. 1989 मध्ये ही युक्ती प्रथम इंटेग्रा मोटारीत आली. 2000 च्या सुमारास आपल्याकडच्या सिटीत. दीड लिटरच्या इंजिनातून 106 अश्वशक्ती! चढावर इंजिन ताणले की आवाज पालटतो. तो ह्या पोरांच्या कानांत बसलेला असतो.

पण कौतुकाची एक आडवाट आहे, तीही सांगितली पाहिजे. माझा एक विद्यार्थी अशीच एक मोटार जवळून पाहावी म्हणून मोटारसायकलवरून तिच्यामागे घाटात गेला. वळणावर पडला. पाय कायमचा अधू झाला. दवाखान्यात मी त्याच्या उशाशी बसलो होतो. 'हे वेड सोड' एवढेच मला सुचले. आज तो धुळ्याला एका गॅरेजमध्ये काम शिकतो आणि नुसत्या आवाजावरून इंजिनातला बिघाड सांगतो. त्याचा तो कान शाळेत माझ्यापुढे सहा वर्षे बसला होता; मी त्याला एकदाही विचारले नाही की, बाबा रे, तुला काय ऐकू येते?

तेव्हा उद्या बसस्टँडवर ही पोरे दिसली तर त्यांना हटकू नका. जवळ जा आणि विचारा, "ही ओळखलीस कशी?" उत्तर आले तर ऐका. न आले तर शाळेतील मास्तरांकडे, नाही तर एखाद्या जाणत्या मेस्त्रीकडे त्याला घेऊन जा. वेगाच्या मागे धावणारा पोर घाटात पडतो. 'हे कसे चालते?' ह्या प्रश्नामागे धावणारा कोठवर जाईल, हे कोम्योच्या लोहारालाही आधी ठाऊक नव्हते.